डावा गुडघा

बडोद्यातल्या आमच्या निजामपुऱ्याच्या घरामागे आप्पांनी कुस्तीसाठी मातीचा हौदा केला होता, आणि आईचं ठाम मत होतं की आमच्या घरात जे काही वेडंवाकडं झालं ते त्या हौद्यातूनच वर आलं. दोन खोल्यांचं बैठं घर, पुढे तुळस, मागे ती माती. शेजारीपाजारी मागच्या अंगणात पपई लावत, भेंडी लावत. आप्पांनी मात्र आठ हात लांब, आठ हात रुंद खड्डा खणून त्यात तांबडी माती भरली. दर दसऱ्याला त्यात ताक, तेल आणि हळद घालून ते ती नव्याने मळत. ताक आईचं, तेल आईचं, हळदही आईचीच. "मातीचे लाड बघा! आम्हाला कधी कोणी हळद लावून बसवलं नाही," असं ती दरवर्षी म्हणे आणि दरवर्षी हळदीचा डबा स्वतःच बाहेर आणून ठेवी.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमचे पणजोबा कधीतरी साताऱ्याकडून येऊन बडोद्याच्या राज्याच्या फौजेत राहिले. आजोबा पागेत होते. मग राज्य गेलं, घोडे गेले, आणि आप्पा बाजव्याच्या बाजूला एका कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी झाले. रोज सायकलने जात, सायकलने येत, आणि त्यांच्या खाकी शर्टाला तिकडच्या हवेतला गॅसचा उग्र वास असे. आई तो शर्ट दोन काठ्यांनी उचलून बादलीत टाकी. पण आप्पांचं खरं आयुष्य संध्याकाळी सुरू व्हायचं. शहरातल्या एका जुन्या तालमीत ते वस्ताद होते. तिथे मुलं त्यांच्या पाया पडत. तिथे बाईमाणसाने पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम मोडावा असं आप्पांना कधी वाटलं नाही. मला कुस्ती शिकवली ती त्यांनी घरामागे, सकाळी, पहिल्या पाळीला जायच्या आधी. लोक म्हणत, मुलगा नाही म्हणून पोरीवर हौस भागवतोय. आप्पा म्हणत, "मी कुठे बोलावली? तीच मातीत उतरली." ते खरं होतं. दहा वर्षांची असताना मी त्यांना एकटेच दंड काढताना बघून शेजारी उतरले आणि पाच दंडांत तोंडावर आपटले. ते हसले नाहीत. म्हणाले, "सहावा काढ."

त्या घरातले आवाज आजही माझ्या कानात आहेत. अंधार फिटायच्या वेळी कुदळीने माती हलवल्याचा भुसभुशीत आवाज, मग मांडीवर मारलेला शड्डू, आणि भिंतीपलीकडून शेजारच्या मंजुबेनचा आवाज, "जय श्रीकृष्ण, सुधा! उठी गई?" मंजुबेन म्हणजे आमच्या गल्लीचं वर्तमानपत्र. घरात आम्ही मराठी बोलायचो, गल्लीत गुजराती, आणि मी तर घरात मराठीत हरायची व रस्त्यावर गुजरातीत भांडायची. सराव झाला की आई बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि पेलाभर दूध पुढे ठेवी. मंजुबेन भिंतीवरून डोकावून म्हणे, "एक छोकरी ने चार रोटला!" त्यावर आई भाकरी पदराखाली झाकी, दृष्ट लागू नये म्हणून. रविवारी आप्पा सयाजीगंजातून डब्यात शेव-उसळ आणत. तिखटजाळ रस्सा, वर शेव, वर कांदा. खाताना आमच्या तिघांच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असे आणि कोणी थांबत नसे.

अठरा-एकोणीस वर्षांची होईपर्यंत मी आप्पांच्या तालमीतल्या दोन-तीन पोरांना हरवू शकले असते. असते म्हणते, कारण त्यांच्याशी लढायची वेळ कधी आलीच नाही. मी आप्पांशी लढायची. दुसरं कोणी नव्हतंच. आप्पांचा एक धडा मात्र माझ्या हाडात मुरला होता. समोरच्याचा जो पाय जड पडतो, जो खांदा उशिरा फिरतो, तिथे दार उघडं आहे. तिथूनच आत शिरायचं. आणि आखाड्यात समोरचा काही बोलला तर ऐकायचं नाही, तो तुला फसवायलाच बोलतो.

एका दुपारी गल्लीतून रिक्षा गेली. तिच्यावर भोंगा, मागे रंगीत कापडी फलक, त्यावर दंड फुगवलेली बाई. "आवो बेनो, आवो भाईओ! फ्री स्टाइल कुस्ती! तूफान रानी! जे बेन तूफान रानी सामे त्रण मिनिट टकी जशे, एने इनाममां प्रेशर कुकर!" तीन मिनिटं टिकणाऱ्या बाईला कुकर. बायकांसाठी खास दुपारचा खेळ होता. आप्पा अशा कंपन्यांचं नाव काढलं तरी थुंकत. ती कुस्ती नव्हे, तमाशा आहे, आधी ठरवून पडतात, म्हणत. त्या दिवशी आप्पा पाळीवर होते. आईने मंजुबेनबरोबर जायला परवानगी दिली, कारण मंजुबेन स्वतः पदर खोचून दारात उभी होती आणि तिला नाही म्हणणं आमच्या गल्लीत कोणाला जमत नसे.

मैदानात कनात लावली होती. मध्ये दोरखंडांची चौकट, तिच्यात ताडपत्री, आणि तूफान रानी. मला वाटलं होतं राक्षसीण असेल. होती पस्तिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, सावळी बाई. एक कान मुडपलेला, केसांची घट्ट वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. दोन बायका गेल्या, हसत हसत पडल्या, हसत उतरल्या. भोंग्यावरचा माणूस ओरडला, "छे कोई बीजी बेन?" आणि मंजुबेनने माझ्या पाठीत कोपर मारलं. "जा ने! कुकर लई आव!"

मी चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि दोरांखालून आत गेले. गर्दीचा कल्लोळ होता. आम्ही हात मिळवले, खडाखडी सुरू झाली. दोन-तीन झटक्यांत तिला कळलं की मला येतंय. तिच्या डोळ्यांतलं हसू गेलं. मी तिच्या उजव्या पायावर नजर ठेवली होती, पाय ओढून पाडायच्या पटासाठी खाली वाकतच होते, तेवढ्यात तिने मला मिठीत ओढलं आणि कानाशी स्वच्छ मराठीत म्हणाली, "पोरी, डावा गुडघा गेलाय माझा. तेवढा सांभाळ."

मला ऐकू आलं. हे मी आज, सत्तरी जवळ आलेली असताना, सरळ लिहून टाकते. ऐकू आलं, समजलं, आणि मी बाजू बदलली. डाव्या पायाचा पट काढला, तिची टाच उचलली, खांदा मांडीत घुसवला आणि पूर्ण वजन टाकलं. कोरडं लाकूड मोडावं तसा आवाज आला. तो गर्दीला ऐकू गेला नाही. तूफान रानी पाठीवर पडली. ओरडली नाही, फक्त तोंड उघडं राहिलं. बायका उभ्या राहून किंचाळत होत्या, मंजुबेन नाचत होती, आणि कोणीतरी माझ्या हातात खोक्यातला कुकर दिला.

मंजुबेनने ही बातमी गल्लीच्या टोकापासून सांगत आणली. आप्पा घरी येईपर्यंत अर्ध्या निजामपुऱ्याला कळलं होतं. मी चार थपडा खाण्याच्या तयारीने बसले होते. आप्पांनी सायकल भिंतीला लावली, हातपाय धुतले, पाटावर बसले आणि विचारलं, "कोणता डाव?"

"पट. डाव्या पायाचा."

"लगेच?"

"आधी उजवा बघत होते. मग बाजू बदलली."

"बरोबर," आप्पा म्हणाले. "बदलता आलं पाहिजे." तमाशावाल्यांकडे का गेलीस, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांच्या मिशीत हसू होतं. त्या दिवशी आईने आग्रहाने वाढलेला भात मी ताटात तसाच ठेवला. कुकर खोक्यातच राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा रात्रपाळीवरून परस्पर सयाजीगंजात चहाला थांबले होते. तिथे त्यांना कळलं की कंपनी सुरतेला निघून गेली आणि मोडक्या पायाची एक बाई स्टेशनजवळच्या लॉजमध्ये मागे राहिली आहे. कंपनीचे मालक, ज्यांना सगळे मास्टर म्हणत, तिला आठवड्याची खोली आणि परत येऊन नेण्याचं वचन देऊन गेले होते. पुढचे खेळ ठरलेले होते, त्यांचाही इलाज नव्हता. आप्पा तिथून निघाले आणि रिक्षा घेऊन तिलाच घेऊन आले. आई दारात उभी राहिली. आप्पा म्हणाले, "आपल्या पोरीच्या हातून झालंय." आईने रिक्षाकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरीला पाडायला शिकवलंत. चला, आता मी उचलायला शिकवते. सुधे, ये, खांदा दे."

तिचं नाव इंदू. बार्शीकडची. मी तिला इंदूमावशी म्हणू लागले. ती आमच्या पुढच्या खोलीतल्या लोखंडी खाटेवर सहा आठवडे राहिली. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की हाड शाबूत आहे, आतली दोरी तुटली आहे, पाय टेकायचा नाही. आप्पांचा दवाखान्यावर विश्वास होता, पण स्वतःवर त्याहून जास्त. रोज संध्याकाळी ते आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून कोमट लेप करत, आणि परक्या बाईच्या पायाला हात कसा लावायचा म्हणून मला लावायला सांगत. स्वतः दाराबाहेर पाठ करून बसत आणि तिथून विचारत, "वाटीच्या वरपर्यंत लावलास का?" मी तो सुजलेला गुडघा हातात धरून रोज लेप लावत असे. दुसऱ्याच दिवशी इंदूमावशी म्हणाली होती, "मी तुझ्या कानात सांगितलं होतं गं. पण एवढ्या कल्लोळात तुला कुठलं ऐकू जायला." मी मान खाली घालून लेप लावत राहिले.

घर तिच्याभोवती फिरायला लागलं. खाटेवर बसून ती मेथी निवडायची, जाड बोटांनी एक एक पान. आई म्हणे, "अहो, देठं राहिली तरी चालतील." ती म्हणे, "चालतील, पण माझा वेळ कसा जाईल?" बडोद्यातलं गोड वरण तिच्या घशाखाली उतरत नसे. "बाई, तुमच्या आमटीत साखर सांडली का?" तिने पहिल्याच दिवशी विचारलं. आई दुखावली. दुसऱ्या दिवशी तिने पाट्यावर हिरव्या मिरच्या आणि लसूण वाटून असा खर्डा केला की मंजुबेन भिंतीपलीकडे शिंकू लागली. इंदूमावशीने तो भाकरीवर घेऊन खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाली, "आता आलं घर." त्यानंतर आईने तिच्यासाठी रोज काही ना काही तिखट केलं. कुकर खोक्यातून काढला तोही इंदूमावशीनेच. "माझ्या गुडघ्याचा आहे, वापरा तरी," म्हणाली. त्याची पहिली शिट्टी झाली तेव्हा आई दचकून बाहेर पळाली आणि इंदूमावशी खाटेवर इतकी हसली की खाट करकरली. मला हसू आलं नाही.

दुपारी आप्पा नसताना ती आईशी बोलायची. आई विचारी, "लग्न?" "झालं होतं. तो गेला सोडून. मी दोरांत उतरले म्हणून नाही हो, आधीच गेला. मग मी उतरले." आई विचारी, "भीती नाही वाटत, एवढ्या माणसांत?" ती म्हणे, "माणसांची नाही. जिने मला उचललंय तिची वाटते. ती कशी ठेवणार ते तिच्या हातात." मी चुलीपाशी पीठ मळत हे ऐकत असे. रोज ठरवत असे, आज सांगू. रोज लेपाची वाटी धुऊन ठेवत असे आणि सांगत नसे. आप्पांबरोबर सकाळी मातीत उतरले की माझे हात जडावत. आप्पा विचारत, "काय झालंय तुला? पट का काढत नाहीस?" मी म्हणे, काही नाही.

अशा तीन आठवड्यांनंतर एका दुपारी आई मंजुबेनकडे पापड लाटायला गेली होती. इंदूमावशी खिडकीशी बसून वेणी घालत होती. मी वाटी घेऊन आले, खाली बसले, आणि हात पुढे होईना. म्हणाले, "मावशी, मला ऐकू आलं होतं."

तिने वेणीचा पेड सोडला नाही. "माहीत आहे," म्हणाली.

"म्हणजे?"

"तू उजव्या पायाकडे चालली होतीस. मी बोलले आणि तू बाजू बदललीस. मी वीस वर्षं हेच करते पोरी. मला कळणार नाही?"

"मग तुम्हीच म्हणालात, गर्दीत ऐकू गेलं नसेल..."

"म्हणाले. तू काय म्हणतेस ते बघायला." वेणी बांधून झाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मला राग आला होता. अजून आहे. आज लेप नको लावूस. आईला सांग लावायला."

मी मागे हौद्याच्या कडेला जाऊन बसले आणि रडले. संध्याकाळी आप्पांनाही सांगितलं. सगळं. ते म्हणाले, "मीच शिकवलं होतं ना, ऐकायचं नाही म्हणून." जेवले नाहीत. मला कधी हरल्याचं लागलं नव्हतं एवढं आप्पांचं ते न जेवणं लागलं.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच बैठका काढत होते. मागच्या दारात कुबडीचा आवाज आला. इंदूमावशी आईच्या खांद्यावर हात टाकून आली, आईने तिला स्टूल दिलं, ती हौद्याच्या काठावर बसली. म्हणाली, "तुला पाडता येतं. पडता येतं का?"

मी पडून दाखवलं. ती म्हणाली, "अशी पडलीस तर तीन वर्षांत माझ्यासारखी होशील. परत. हनुवटी छातीला लाव. पाठ पूर्ण टेकू दे, एका जागी नको. आणि हात आपट. आवाज हाताचा झाला पाहिजे, हाडाचा नाही." त्या दिवशी मी शंभरदा पडले असेन. मग तिने उचलायला शिकवलं. उचलायला माणूस हवं होतं आणि आईला सवड नव्हती, म्हणून गव्हाचं पोतं उचलायचं आणि आवाज न करता ठेवायचं. "जोरात आपटल्यासारखं दिसलं पाहिजे, आणि पोत्यातला दाणा हलता कामा नये. तू जिला उचललंस ती त्या वेळी तुझी. तिला धडधाकट परत द्यायची." लेपाचं भांडं तिने त्या संध्याकाळी पुन्हा माझ्याकडे सरकवलं. क्षमा केली असं काही बोलली नाही.

आमच्या आताच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक शाळकरी मुलगी आहे. (तो हौदा, ते घर सगळं गेलं, तिथे आता चार मजले आहेत आणि मी तळमजल्यावर राहते.) ती मोबाइलवर परदेशी कुस्त्या बघते आणि मला विचारते, "आजी, हे फेक असतं ना?" मी तिला सांगते, जिंकणं खोटं असतं, पडणं खरं असतं. तिला ते पटत नाही. मलाही पटायला त्या हौद्यात दोन आठवडे लागले होते.

आप्पांना तर ते अजिबात पटत नव्हतं. मागच्या दारात उभं राहून ते बघत आणि म्हणत, "पडायला काय शिकवायचं? ते आपोआप येतं." इंदूमावशी म्हणे, "येतं ना वस्ताद, म्हणून तर अर्धी कंपनी लंगडी आहे." तिचा तो गुडघा पहिल्यांदा नाशिकच्या खेळात दुखावला होता, एका नवशिक्या मुलीने नीट न ठेवल्यामुळे. माझ्या हातून दुसऱ्यांदा.

सहा आठवड्यांनी मास्टर आले. बुटके, पांढऱ्या शर्टाचे, स्वतः जुने पहिलवान. बशीत चहा ओतून प्यायले, इंदूमावशीला चालून दाखवायला सांगितलं, आणि ती लंगडत चालली. ती आता कधी दोरांत उतरणार नव्हती, हे आम्हा सगळ्यांना तेव्हाच कळलं. मग ते आप्पांना हिंदीत म्हणाले, "पहलवानजी, मी हिला न्यायला आलो होतो. पण सांगतो, त्या दिवशीपासून डोक्यात तुमची मुलगी आहे. आम्हाला द्या."

"माझी मुलगी खोटी कुस्ती करणार नाही," आप्पा म्हणाले.

"मग खरी कुठे करणार?" हे इंदूमावशीने विचारलं. भिंत धरून उभी होती. "वस्ताद, तुमचं मीठ खाल्लंय मी, पण विचारते. नऊ वर्षं शिकवलंत. तुमच्या तालमीत नेलंत एक दिवस? एखाद्या फडात नाव घातलंत? हिने काय करायचं, जन्मभर घरामागे तुमच्याशीच लढायचं?"

आप्पांना इतकं सरळ कोणी बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते उठले, खाकी शर्ट चढवला, वेळ झाली नव्हती तरी सायकल काढली आणि निघून गेले. मग आईने मास्टरांना विचारलं, "बायकांची झोपायची जागा वेगळी असते का?"

"असते बेन."

"दाराला आतून कडी?"

"इंदूला विचारा."

"असते," इंदूमावशी म्हणाली. "नसली तर मी दारात झोपते."

मी म्हणाले, "मावशी येणार असेल तर मी येईन. ती शिकवेल. ती नसेल तर नाही." मास्टरांनी तिच्या पायाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली. म्हणाले, बरं.

आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जाऊ नको असंही म्हणाले नाहीत. मी निघाले त्या सकाळी त्यांची पहिली पाळी होती. स्टेशनवर आई आणि मंजुबेन आल्या. मंजुबेनने वाटेत खायला बाजरीच्या ढेबऱ्यांचा डबा दिला आणि आईने गाडी हलताना खिडकीतून हात घालून माझ्या दंडाला चिमटा काढला, कणीक बरोबर मळली आहे का बघावं तसा.

पहिला खेळ आणंदला. फलकावर माझं नाव 'बडोदा की शेरनी'. समोर ज्वाला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तेरा नंबरची चप्पल घालणारी गोड मुलगी. पहिल्या खेळात मी हरायचं ठरलं होतं, कारण नवीन मुलगी आधी हरते आणि लोकांना तिची कणव येते. खेळ सुरू झाला. मी पडले, उठले, पुन्हा पडले. दोरांना धरून उठताना तिसऱ्या रांगेकडे नजर गेली. खाकी शर्टात, गुडघ्यांवर हात ठेवून आप्पा बसले होते. पाळी संपवून सरळ गाडी पकडून आले असावेत. मला वाटलं, आता इथून उठावं आणि ज्वालाला खरोखर चीत करावं. दोन मिनिटांचं काम होतं. ज्वालाने मला उचललं. वर असताना कोपऱ्यातून इंदूमावशीचा आवाज आला, "हनुवटी!" मी हनुवटी छातीला लावली, हात आपटला, पाठीवर पडले, आणि पंचाने तीन मोजेपर्यंत तशीच राहिले. आप्पांच्या समोर. लोकांनी हुर्यो केली.

कनातीमागे मी तोंडावर पाणी मारत होते तेव्हा आप्पा आले. मी म्हणाले, "आप्पा, हे ठरलेलं असतं."

"माहीत आहे." त्यांनी मला खांद्याला धरून फिरवलं. पाठ बघितली, मान दाबून बघितली, दोन्ही कोपरं उलटसुलट केली. कुठे खरचटलंही नव्हतं. मग ते इंदूमावशीकडे वळले. ती स्टुलावर पाय लांब करून बसली होती.

"ही जिंकते कधी?" त्यांनी विचारलं.

"परवा. नडियादला."

"नक्की?"

"ठरलंय वस्ताद."

आप्पांनी मनात पाळ्यांचा हिशेब केला. "परवा माझी दुसरी पाळी आहे," म्हणाले. "बदलून घेतो."

नडियादला ते आईला घेऊन आले. आईबरोबर मंजुबेन होतीच. शेवटच्या डावात मी ज्वालाला डोक्यावर उचललं, एक गिरकी घेतली आणि पोत्यातला दाणा हलू नये तशी ताडपत्रीवर ठेवली. पंचाने मोजायला सुरुवात केली. माझे आप्पा, ज्यांना हा निकाल दोन दिवस आधीपासून पक्का ठाऊक होता, खुर्चीवर चढून उभे राहिले, दोन्ही हात वर करून "वा गं पठ्ठे! वा!" म्हणून ओरडायला लागले. मागच्या रांगेतला एक माणूस त्यांचा शर्ट ओढत होता, "बेसो ने काका, कंई देखातुं नथी!" आई त्यांना खाली ओढत होती.

आप्पा बसले नाहीत.